गुण आणि ऋण

२७ मे २०२४. सोमवार. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल जाहीर व्हायचा होता. आम्ही उभयता त्या दिवशी वसईला, आमच्या जुन्या घरी होतो. ओसरीवर पेढ्यांचा बंद पुडा ठेवलेला, आणि आमची धाकटी फोन घेऊन आतल्या खोलीत बसलेली. एक वाजून गेला, सव्वा वाजला, तरी आतून आवाज येईना. अखेर दार लोटून पाहिले, तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. ओसरीवर रोझरी म्हणत बसलेल्या आजीने जपमाळ बाजूला ठेवली, लगबगीने आत येऊन नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारले, "बाय, नापास झालीस का गं?"

तिला ९१.६० टक्के गुण मिळाले होते.

आजी चौथीपर्यंत शिकलेली. आकडा ऐकून ती आमच्याकडे पाहू लागली. "शंभरातले एक्याण्णव? मग ही रडते कशाला?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळही नव्हते. आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढे काही दिवस नातेवाइकांना हा प्रसंग गंमत म्हणून सांगितलाही. ख्रिस्ती अल्पसंख्याकांसाठी राखीव असलेल्या जागांमुळे तिला चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळणारच होता. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने रडण्यासारखे काही घडलेच नव्हते. शाळेच्या फलकावर पहिल्या दहा जणींची जी नावे झळकतात, त्यांत तिचे नाव नव्हते, एवढेच.

आठवडाभराने, रात्रीच्या जेवणानंतर ताटे उचलता उचलता, ती एवढेच म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी वाडी विकलीत ना."

वाचकहो, त्या एका वाक्याने आमची झोप उडवली. या लेखात आम्ही जे लिहीत आहोत ते कोणाला उपदेश करण्यासाठी नव्हे. ज्या प्रश्नाने आम्हांला ग्रासले, तो प्रश्न आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत, न उच्चारता, वावरत असावा असे वाटते म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

प्रश्न असा : आईवडिलांनी मुलीसाठी केलेला त्याग हे मुलीवरचे ऋण होय काय? आणि ते ऋण असेल, तर ते गुणांच्या चलनात फेडायचे असते काय?

हकिगत साधीच आहे. धाकटी तिसरीत असताना आम्ही केळीच्या व पानवेलीच्या वाडीचा अर्धा भाग विकला आणि मुंबईच्या उपनगरात दोन खोल्या घेतल्या. हेतू एकच, मुलीला तेथील नामांकित कॉन्व्हेंटमध्ये घालायचे. फादरांनी शिफारसपत्र दिले, सिस्टरांनी प्रवेश दिला. आमचा आनंद गगनात मावेना. त्यानंतरच्या वर्षांत "तुझ्यासाठी आम्ही वाडी विकली" हे वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले असेल याची मोजदाद नाही. पाहुण्यांसमोर ते कौतुकाने म्हटले, चाचणीत गुण कमी पडले तेव्हा समज देण्यासाठी म्हटले, ती आजारी असताना उशाशी बसून लाडानेही म्हटले. आम्हांला ते प्रेमाचे वाक्य वाटत होते. तिने ते बिल म्हणून ऐकले. आणि निकालाच्या दिवशी त्या बिलाचा हप्ता चुकला.

अशा शाळांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास आठवला की मन कृतज्ञतेने भरून येते. याच महाराष्ट्रात १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवण्यासाठी घराबाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. ज्या धर्मभगिनींच्या शाळांत आपल्या मुली शिकतात, त्यांच्या आरंभकथाही अशाच वेदनेतून उगवल्या आहेत. फ्रान्समधील ल्यों शहरातील क्लॉदिन तेवने हिचेच उदाहरण घ्यावे. राज्यक्रांतीच्या धुमाळीत, १७९४ साली, तिच्या दोन भावांना मृत्युदंड झाला. पुढे १८१५ च्या सुमारास सेंट निझिए चर्चच्या दाराशी थंडीत कुडकुडणाऱ्या दोन टाकलेल्या मुली एका धर्मगुरूंना सापडल्या, आणि क्लॉदिनने त्यांच्या निवाऱ्याची व्यवस्था केली. तेथून जे काम सुरू झाले त्यातून १८१८ साली जीझस अँड मेरी हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. त्या संघाच्या भगिनी १८४२ साली आग्र्याला आल्या. १९९३ साली क्लॉदिनला संतपद देण्यात आले.

या कथेतील एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. चर्चच्या दाराशी सापडलेल्या त्या दोन मुलींना कोणी प्रवेशपरीक्षा घेतली नाही. त्या हुशार होत्या की मंद, याची नोंद कोठेही नाही. त्यांना आत घेतले गेले ते त्या बाहेर होत्या म्हणून. आज त्याच परंपरेतील कित्येक शाळांच्या दाराशी पालक रात्रीपासून अर्जासाठी रांग लावतात आणि चार वर्षांच्या मुलीला मुलाखतीची उत्तरे पाठ करून घेतात. जी दारे टाकलेल्यांसाठी उघडली, ती निवडलेल्यांची दारे कधी झाली? हा बदल कोणा एकाच्या दुष्टपणाने घडला नाही. शाळा चांगली निघाली, म्हणून सर्वांना हवीशी झाली. सर्वांना हवी झाली, म्हणून निवड आली; आणि निवडीच्या मागोमाग भय आले. "आपण येथे टिकू का?" हे ते भय होय.

हे भय दुर्बळ मुलींचे आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. २०२४ साली महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण ९७.२१ टक्के होते, मुलांचे ९४.५६ टक्के. राज्यात १८७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. मुली मागे पडत आहेत म्हणून घाबरत नाहीत. पुढे असूनही घाबरत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची मानसिक आरोग्यविषयक पाहणी केली, तीत ८१ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्या चिंतेचे कारण अभ्यास, परीक्षा व निकाल हेच सांगितले. त्याच २०२२ या वर्षात देशभरात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्या प्रत्येकाचे कारण परीक्षा हे नव्हते, हे खरे. तरीही निकालानंतरच्या दिवसांत वर्तमानपत्राचे पान उलटताना ज्या पालकाचा हात थबकत नाही, असा पालक विरळा.

मात्र आमच्या मुलीशी त्या उन्हाळ्यात हळूहळू बोलणे सुरू झाले, तेव्हा ध्यानात आले की अभ्यासाचा भार हा अर्धाच भार आहे. प्रगतिपुस्तकात ज्यांना रकाना नाही, असे कितीतरी विषय आपल्या मुली रोज सोडवत असतात. इंग्रजी येणे पुरेसे नसते. ते कोणत्या उच्चाराने येते हे पाहिले जाते. वाढदिवस हॉटेलात होतात, आणि ज्यांना बोलावणे नव्हते त्यांना त्याच रात्री फोनवर छायाचित्रे पाहायला मिळतात. डब्यात काय आहे, बूट कोणते आहेत, कंबर किती आहे, रंग कसा आहे, या सगळ्यांची तेथे मूक परीक्षा चालते आणि तिला उन्हाळ्याची सुट्टी नसते. महाविद्यालयाचा विषय निघाला की मैत्रिणी हसत म्हणत, "तुला काय, तुझा कोटा आहे." म्हणून तिला ९५ टक्के हवे होते, प्रवेशासाठी नव्हे, तर कोट्याची गरज नव्हती हे दाखवून देण्यासाठी.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती लिहिताना लेखणी जड होते. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आजीने लाल लुगडे नेसून येऊ नये असे तिला वाटे. असे वाटल्याबद्दल रात्री तिला स्वतःचाच राग येई. आम्हांला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या वर्षी संमेलनाला आजीला का नेले नाही याचे कारण आम्ही आजीचे गुडघे असे समजत होतो.

मुलींवरच्या या भाराला एक खास वळण आहे. मुलग्याने पहिला नंबर काढला की काम झाले. मुलीने पहिली यावे, पण पुस्तकात डोके खुपसून बसलेली दिसू नये. हुशार असावे, पण वाद घालू नये. शाळेत इंग्रजीत धीटपणे भाषण करावे, घरी मात्र उलट बोलू नये. नीटनेटके राहावे, पण आरशासमोर वेळ घालवू नये. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २००३ साली आपल्या विद्यार्थिनींच्या जीवनाचा अभ्यास केला, तेव्हा तेथील मुलींनी या मागणीला एक नाव दिले. त्याचा आशय असा की, सर्व बाबतींत परिपूर्ण असावे आणि त्यासाठी घेतलेले कष्ट कोणाला दिसूही नयेत. ज्या परीक्षेत उत्तर बरोबर असावे लागते आणि ते लिहिताना कोणी पाहता कामा नये, ती परीक्षा कोण उत्तीर्ण होणार?

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे, तर तेथे काम केलेल्या एका भारतीय विदुषीचेही ऋण येथे मान्य करू. डॉ. सुनिया लुथार यांचा जन्म दिल्लीचा, डॉक्टरेट येल विद्यापीठाची. १९९० च्या दशकात त्या महानगरांतील गरीब वस्त्यांमधील किशोरवयीन मुलांचा अभ्यास करीत होत्या, आणि तुलनेसाठी त्यांनी एका संपन्न उपनगरातील मुले निवडली. संपन्न घरची मुले अधिक सुखी दिसतील, असे कोणालाही वाटले असते. दिसले उलटेच. चिंता आणि व्यसने संपन्न मुलांतच अधिक होती, आणि त्यांच्यातील मुलींमध्ये नैराश्यही लक्षणीय होते. पुढे इतरांनाही असेच आढळत गेले, आणि २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका अहवालात, ज्या मुलांच्या मानसिक आरोग्याला विशेष धोका आहे अशा गटांत गरिबीत वाढणाऱ्या मुलांबरोबर अतिगुणवान शाळांतील मुलांचाही समावेश झाला.

लुथार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ मधील एक अभ्यास तर आपण प्रत्येक पालकाने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. संपन्न वस्तीतील सहावीच्या ५०६ विद्यार्थ्यांना त्यांनी सहा गोष्टींची यादी दिली आणि विचारले, यांतील कोणत्या गोष्टी तुझ्या आईला, तुझ्या वडिलांना सर्वांत महत्त्वाच्या वाटतात? तीन गोष्टी यशाच्या होत्या, तीन गोष्टी दयाळूपणाच्या आणि सभ्यतेच्या. ज्या मुलांना वाटत होते की आईवडील यशाला भलेपणापेक्षा मोठे मानतात, ती मुले अधिक खचलेली, अधिक चिंताग्रस्त निघाली. विशेष म्हणजे त्यांचे गुणही कमी होते. आपले आईवडील भलेपणाला निदान यशाइतके तरी महत्त्व देतात असे ज्यांना वाटत होते, त्यांची स्थिती उत्तम होती. ध्यानात घ्यावे, पालकांना काय वाटते हे येथे विचारलेच नव्हते. मुलांना काय वाटते हे विचारले होते. आमच्या मुलीला कोणी ही यादी दिली असती तर तिने कशावर खूण केली असती? आम्हांला उत्तर ठाऊक आहे, आणि ते आमच्या मनातले उत्तर नाही.

आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी मार्मिक आहे. परीक्षेत मिळतात त्यांनाही आपण गुण म्हणतो, आणि माणसाच्या अंगी असतात त्यांनाही गुणच म्हणतो. आजी एखाद्या मुलीला "गुणाची पोर" म्हणते, तेव्हा तिने प्रगतिपुस्तक पाहिलेले नसते. एकाच शब्दाची ही दोन घरे शेजारी शेजारी होती. आपल्या पिढीने त्यांतील एक घर भाड्याने दिले आणि दुसऱ्याला मजले चढवले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेने तो रोखठोक मांडला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे विकायला वाडी होती. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या मुलीला गुणांशिवाय दुसरी शिडी कोणती? धाक नसता तर मी स्वतः सातवीनंतर चूल फुंकत बसले असते." हे म्हणणे खरे आहे. गरिबाच्या मुलीला "गुणांचे एवढे काय" असे सांगणे हा पोट भरलेल्यांचा उपदेश ठरेल. कष्ट, शिस्त, पहाटेचा अभ्यास, परीक्षेपूर्वीची धडधड या गोष्टींवाचून कोणीही काही मिळवलेले नाही, आणि मुलींना त्यांतून सूट द्यावी असे म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. परंतु शिडी आणि तराजू यांत फरक आहे. शिडीने माणूस वर चढतो. तराजूत माणूस स्वतःच तोलला जातो. गुण ही शिडी राहावी, तोवर कोणाचीच तक्रार नाही. ज्या दिवशी मुलगी त्यांना तराजू समजू लागते, त्या दिवसापासून प्रत्येक उत्तरपत्रिकेत ती स्वतःलाच तपासायला देते. त्या शिक्षिकेला धाक होता तो चुलीचा. आमच्या मुलीला धाक होता तो आमचा. पहिल्यापासून माणूस पळून जाऊ शकतो.

अशा वेळी चर्चमध्ये आणि घरांत एका दाखल्याचा आधार हमखास घेतला जातो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील तो दाखला, धनी आपल्या तीन चाकरांच्या हाती पैसा ठेवून परदेशी जातो तो. देवाने तुला बुद्धी दिली आहे, ती पुरून ठेवू नकोस, असे आम्हीही मुलीला या दाखल्याच्या आधारे बजावले होते. त्या उन्हाळ्यात तो पुन्हा शांतपणे वाचला, आणि दोन गोष्टी प्रथमच दिसल्या. पहिली ही की, पाचांचे दहा करणाऱ्याला आणि दोनांचे चार करणाऱ्याला धन्याने दिलेली शाबासकी शब्दशः एकच आहे. एका शब्दाचाही फरक नाही. तेथे पहिला, दुसरा असा फलक नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. तिसऱ्या चाकराने पैसा का पुरला याचे कारण तो स्वतः सांगतो. तो आळशी म्हणून ओळखला जातो खरा. पण त्याने दिलेले कारण भीतीचे आहे. धनी कठोर आहे, न पेरलेल्या ठिकाणी कापणी करणारा आहे, असे त्याला वाटत होते. म्हणून त्याने काही करून पाहण्याऐवजी खड्डा खणला. ज्या दाखल्याचा आपण धाक घालण्यासाठी वापर करतो, तोच दाखला सांगतो की धाकाने देणग्या पुरल्या जातात. आमच्या मुलीला चित्रकला आवडे. नववीत तिने रंगपेटी माळ्यावर टाकली, कारण त्यात वेळ जातो. तो खड्डा कोणी खणला, हे आता आम्ही एकमेकांना विचारत नाही.

मग शाळांनी काय करावे? याचे एक उत्तर आपल्याच देशात, कोलकात्यात, एका धर्मभगिनीने करून दाखवले आहे. सिस्टर सिरिल मूनी या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लोरेटो संघाच्या भगिनी. १९७९ साली त्या सियालदह येथील लोरेटो डे स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. शाळा नामांकित, मुली प्रामुख्याने सुखवस्तू घरांतल्या, आणि भिंतीपलीकडे सियालदह रेल्वे स्थानकाचा परिसर, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलींनी भरलेला. सिस्टरांनी शाळेची दारे उघडली. फी न भरणाऱ्या मुलींची संख्या वाढत वाढत सुमारे १४०० मुलींच्या शाळेत निम्म्यावर आली. रस्त्यावरच्या मुलींसाठी शाळेतच रेनबो नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यांना येईल तेव्हा येण्याची मुभा, आणि शिकवणाऱ्या कोण, तर वरच्या वर्गांतील नियमित विद्यार्थिनी. वेळापत्रकातच त्यासाठी तास राखून ठेवलेला होता. भारत सरकारने २००७ साली सिस्टरांना पद्मश्री देऊन गौरवले. २०२३ साली त्या देवाघरी गेल्या.

या प्रयोगाची स्तुती सहसा गरीब मुलींच्या बाजूने केली जाते, आणि ती योग्यच आहे. आम्हांला मात्र दुसऱ्या बाजूच्या मुलींचा विचार मनात येतो. जी मुलगी दिवसातला एक तास रस्त्यावरच्या मुलीला अक्षर गिरवायला शिकवते, तिला त्या तासापुरते तरी कोणी तोलत नसते. तिला जे येते ते कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. विद्या ही शेजारणीच्या पुढे जाण्यासाठी नसून शेजारणीला देण्यासाठी आहे, हे सांगायला मग मूल्यशिक्षणाचे वेगळे पुस्तक लागत नाही. ल्योंच्या चर्चच्या दाराशी जे सुरू झाले होते, ते सियालदहला पुन्हा सापडले असे आम्हांला वाटते. आपल्या नामांकित शाळांनी फलकावरची दहा नावे पुसली तर आनंदच आहे. पण दार थोडे अधिक उघडले, तर आतल्या मुलींचाही श्वास मोकळा होईल.

आणि आपण पालकांनी? मूळ प्रश्नाकडे वळतो. त्याग हे ऋण आहे काय? आम्ही या निष्कर्षाला आलो आहोत की, ज्याचा हिशेब मुलीला ऐकवला जातो तो त्याग राहत नाही. त्याचे कर्ज होते. आणि हे कर्ज फार क्रूर, कारण ते घेण्याविषयी तिला कोणी विचारलेले नसते आणि त्याची मुद्दल किती हेही तिला कधी सांगितले जात नाही. म्हणून ते फिटत नाही. ९१ टक्क्यांनी फिटत नाही, ९९ टक्क्यांनीही फिटले नसते. आपल्या आईवडिलांनी आपल्याला वाढवताना काय काय सोडले, याचा त्यांनी कधी उच्चार केला नाही. आज आपण त्यांची सेवा करतो ती हप्ता म्हणून नव्हे. कृतज्ञता आपोआप उगवते. मागितली की ती वसुली होते.

शिवाय एक कबुली द्यायला हवी. वाडी विकली ती केवळ मुलीसाठी, हे पूर्ण सत्य नाही. शेतीत मजूर मिळेनासे झाले होते, भाव चांगला आला होता, आणि आपली मुलगी त्या नावाच्या शाळेत जाते हे लग्नसमारंभात सांगताना आमची मान ताठ होत होती. तो निर्णय आमचा होता, आणि त्यात आमचा मानही होता. एवढे सगळे आम्ही तिच्या नावे मांडून ठेवले होते.

जून महिन्यात एका रविवारी मिस्साहून परतल्यावर आम्ही तिला हे सांगितले. अडखळत, कारण मुलांसमोर चूक कबूल करण्याची सवय आपल्या पिढीला नाही. म्हणालो, "वाडी आम्ही विकली, ती आमच्या मर्जीने. त्याचे देणे तुझ्या नावावर नाही. कधीच नव्हते." ती काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर विश्वास बसल्याचे चिन्हही दिसले नाही, आणि का दिसावे? इतक्या वर्षांचे वाक्य एका वाक्याने पुसले जात नाही. आजही परीक्षेच्या दिवसांत तिचा हात गार पडतो. आम्हीही निकालाच्या दिवशी आधी आकडा विचारतो आणि मग जीभ चावतो.

पण त्या रविवारी संध्याकाळी ती आजीबरोबर मागच्या दाराने बाहेर पडली. विकलेल्या अर्ध्या भागात आता चार मजली इमारत आहे. तिच्याकडे तिने पाहिले नाही. उरलेल्या अर्ध्या वाडीच्या कडेला ती बराच वेळ उभी होती. मग आत येऊन तिने विचारले, "यंदा तिथे काय लावलंय?"

ती वाडी किती रुपयांची, हे तिला लहानपणापासून माहीत होते. तिथे काय लावतात, हे तिने पहिल्यांदाच विचारले.